एका माणसापुरती गाडी

नेव्हिल ब्लँचर्ड शाळेची बस चालवायचा. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट मुलखात, बीट आणि कोबीच्या शेतांमधून फिरून रोज सकाळी पन्नासेक पोरं गोळा करायची आणि दुपारी पुन्हा जिथली तिथे नेऊन सोडायची, हे त्याचं काम. पोरं मागून त्याच्या मानेवर कागदाचे बोळे मारायची. नेम चुकायचा प्रश्नच नव्हता, कारण नेव्हिल उभा जेवढा तेवढाच आडवा होता. पोरं त्याला ‘पुडिंग’ म्हणायची. ती पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं बसमध्ये चढायला लागली आणि तीही त्याला पुडिंगच म्हणायला लागली. आमच्याकडे बाकी काही टिकत नाही, पण टोपणनाव टिकतं.

जन्मभर पन्नास जणांना पाठीशी घेऊन हिंडलेल्या माणसाला एकच सीट असलेली गाडी हवीशी वाटली, यात नवल काही नाही.

आमच्या भागात घरामागच्या गॅरेजात गाडी उभी नसते, गाडी बनत असते. कंपनी खोक्यांतून सुटे भाग पाठवते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं कवच, चाकं धरणारे दांडे. इंजिन आपलं आपण शोधायचं, आणि ते बहुधा कुणीतरी झाडावर आपटलेल्या बाइकचं असतं. बाइकचं इंजिन हलकं आणि तापट. किंचाळत फिरतं, पण ओझं म्हटलं की कुरकुरतं. त्यामुळे असल्या गाड्या बांधणारे लोक वजनाच्या बाबतीत वेडे असतात. बोल्टचं टोक कापून दोन-चार ग्रॅम वाचवतील, आरशाचा दांडा भोकं पाडून पोखरतील, आणि मग दर गुरुवारी संध्याकाळी ‘प्लाऊ’ नावाच्या पबमध्ये बसून सॉसेज आणि चिप्सची ताटं साफ करत त्या ग्रॅमांच्या गोष्टी सांगतील.

या मंडळींत सगळ्यात मोठा आवाज क्लिफ मॅडिसनचा. तो ट्रॅक्टरचे टायर विकायचा. स्वतः क्लिफ काही काडी नव्हता. त्याचं पोट पट्ट्याच्या वर चांगलं ऐसपैस बसलेलं असायचं आणि त्याला तो ‘छाती’ म्हणायचा. पण जोवर नेव्हिल शेजारी उभा होता तोवर क्लिफच्या छातीकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं. हे क्लिफला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो नेव्हिलला कधी सोडून बसायचा नाही.

ऑक्टोबरात या मंडळींचा एक सण असतो. वजनाचा रविवार. युद्धाच्या काळातली एक ओसाड धावपट्टी आहे, तिथे सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. गाडीच्या चारही चाकांखाली एकेक काटा ठेवायचा, आधी रिकामी गाडी तोलायची, मग चालकाला आत बसवून. गाडी इतकी हलकी की माणूस बसला की तिचा तोल बदलतो, तेव्हा माणसासकट तोलणं भागच असतं. पण फळ्यावर खडूने जो फरकाचा आकडा, म्हणजे चालकाचं वजन, लिहिला जायचा तो बघायला सगळे माना लांब करायचे. आकडा पुकारायचा मान आयव्हर टास्करचा. आयव्हर आयुष्यभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारत आलेला, त्यामुळे माणसाचं वजनही तो त्याच सुरात पुकारायचा.

“एकशे एकतीस!” आयव्हर ओरडायचा.

“अहो आयव्हर, दोघं बसलेत वाटतं आत! एकाला उतरवा की खाली!” क्लिफ म्हणायचा.

दर वर्षी हाच विनोद आणि दर वर्षी हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यात मोठ्याने नेव्हिल हसायचा. घरी आला की कोट न काढता ओट्याशी उभा राहून मनुकांच्या पावाचे जाड जाड तुकडे लोणी लावून खात सुटायचा. ग्लेंडा, त्याची बायको, त्या वेळी स्वयंपाकघरात जायची नाही.

तर या नेव्हिलने आपली जुनी दोन सीटची गाडी विकली आणि नव्या गाडीची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली.

“दोन सीटचीच घे ना. मीही येत जाईन,” ग्लेंडा म्हणाली.

“तू येतेस कुठे? तुला वारा लागतो, तुझे केस विस्कटतात.”

“कधी विचारतोस तरी का?”

नेव्हिलला एकट्यापुरती गाडी हवी होती, आणि हे बायकोच्या तोंडावर सांगायला जेवढं धाडस लागतं तेवढं त्याच्याकडे नव्हतं. त्याने पुढचं पान उलटलं.

आता दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, गाडी ट्रॅकसाठी की रस्त्यासाठी. ट्रॅकची गाडी म्हणजे नुसता सांगाडा, इंजिन आणि चाकं. दिवे नकोत, मडगार्ड नकोत, हॉर्न नको. पुढच्या उन्हाळ्यात तयार झाली असती. रस्त्यावर आणायची तर हे सगळं लावा, बाइकच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो म्हणून तोही वेगळा बसवा, आणि मग सरकारी तपासनिसापुढे उभी करा. तो एक छोटा गोळा गाडीच्या प्रत्येक कडेवरून फिरवून बघतो, आणि जिथे धार लागली तिथे नापास करतो. म्हणजे आणखी एक वर्ष.

“ट्रॅकची घे,” ग्लेंडा म्हणाली. “लवकर होईल. चालवायला तरी लागशील.”

“ट्रॅकवर मला बघणार कोण? तेच ते प्लाऊमधले.”

खरी गोष्ट ही होती. नेव्हिलला ती गाडी सकाळी शाळेच्या वेळेला हाय स्ट्रीटवरून, म्हणजे गावच्या मुख्य रस्त्यावरून, न्यायची होती. बसथांब्यावर पोरं उभी असताना. बदली ड्रायव्हरच्या बसची वाट बघत. त्यांच्या नाकासमोरून पुडिंग एका सीटच्या लाल गाडीतून किंचाळत निघून गेला पाहिजे, एवढीच त्याची आयुष्याकडे मागणी होती. त्यासाठी त्याने रस्ता निवडला. ते जास्तीचं वर्ष त्याच्या वाट्याला नव्हतं, पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत असेल तो सांगत नसतो.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. तो दोन मापांत मिळायचा, साधा आणि रुंद. वेल्समधल्या कंपनीतल्या बाईने फोनवर फार गोडीने विचारलं, “कमरेचं माप सांगता का? बसून घ्या हं, उभं राहून नको.” ग्लेंडा शिवणकाम करायची, तिच्याकडे टेप होताच. नेव्हिल खुर्चीत बसला, तिने टेप लावला आणि आकडा हळू आवाजात सांगितला. नेव्हिलने फोनवर हात ठेवला.

“हे रुंदाच्याही वर जातंय,” तो म्हणाला.

“रुंदात जेमतेम मावशील. रुंदच सांग.”

“रुंदाचं नाक वेगळं असतं. लांबून ओळखू येतं. रुंद घेतला तर क्लिफ मरेपर्यंत मला सोडणार नाही.”

“मग बसणार कसा साध्यात?”

“बारीक होऊन.”

“तू?” ग्लेंडा म्हणाली आणि हसली.

ती दुष्टपणाने हसली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस जसं हसतो तशी हसली. पण नेव्हिलने फोनवरचा हात काढला आणि वेल्सच्या बाईला ग्लेंडाच्या स्वतःच्या कमरेला शोभेल असं माप ठोकून दिलं. असला मूर्खपणा फक्त ही गाडीवाली मंडळीच करू शकतात. बोल्टचे ग्रॅम वाचवता वाचवता त्यांना वाटायला लागतं की आपलं अंगही असंच कानशीने घासून कमी करता येईल.

सांगाडा आला. क्लिफने येऊन त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“वा! गाडी छान आहे रे. चालवणार कोण? ग्लेंडा का?”

“मी.”

“हप्त्याहप्त्याने बसणार वाटतं. आज डावं ढुंगण, पुढच्या गुरुवारी उजवं.”

पहिलं वर्ष नेव्हिलने उपासात काढलं. उकडलेली अंडी, पाल्याचा ढीग, प्लाऊमध्ये नुसता सोडा. संध्याकाळी घराभोवतीच्या शेतबांधावरून चालायचा तेव्हा धापा टाकण्याचा आवाज पलीकडच्या घरापर्यंत जायचा. एवढं करून वजन म्हणावं तसं हललं नाही. मनुकांचा पाव ग्लेंडाने कुठेही लपवला तरी त्याला सापडायचा. त्या ऑक्टोबरात त्याची गाडी अर्धीच होती, तरी क्लिफने त्याला हट्टाने नुसत्या काट्यावर चढवलं. आयव्हरने पुकारलं, “एकशे अठ्ठावीस!” आणि क्लिफ म्हणाला, “तीन किलो! म्हणजे आज सकाळी पोट साफ झालं तर!” नेव्हिल या खेपेला हसला नाही. नाताळात त्याने ठरवलं होतं की वेल्सला फोन करून सांगाडा बदलून घ्यायचा, लाज गेली खड्ड्यात.

पण फेब्रुवारीत वजन उतरायला लागलं.

आपलं आपण. नेव्हिलला वाटलं, शेवटी जमलं. चिप्सचा वास आला की त्याला मळमळायचं; तो म्हणाला, मनाने घेतलं की असं होतं. बिअरचा ग्लास अर्धा राहायचा. तो म्हणाला, सवय सुटली. पाठीत, फासळ्यांच्या मागे, खोलवर काहीतरी दुखायचं. तो म्हणाला, गाडीवर वाकून वाकून दुसरं काय होणार. पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. ग्लेंडाने त्याच्या विजारी आवळल्या, पुन्हा आवळल्या, आणि केस कापणाऱ्या बाईकडे जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझा नवरा आता तरुणपणीसारखा दिसायला लागलाय. दिसत होताही. एप्रिल-मेपर्यंत तो खरोखरच देखणा दिसत होता. रोगाने माणसाला थोडे दिवस सजवावं आणि मग सोलून काढावं, यापेक्षा नीच चेष्टा कुठली असेल मला माहीत नाही.

बसमधली पोरं त्याला पुडिंग म्हणायची बंद झाली. एके दिवशी पहिल्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उठून पुढे आली आणि म्हणाली, “मिस्टर ब्लँचर्ड, तुम्ही आजारी आहात का?”

“खाली बस. बस चालू असताना उठायचं नसतं,” नेव्हिल खेकसला.

सगळ्या पंचक्रोशीत तेवढं एकच माणूस त्याच्याशी खरं बोललं होतं.

ग्लेंडाला कळायला जून उजाडला. तो आंघोळ करून पाठमोरा उभा होता आणि त्याच्या पाठीवर वर आलेली खांद्यांची हाडं तिला दिसली. आवळलेल्या विजारींचं जे कापड कापून टाकलं होतं ते सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं.

“डॉक्टरकडे जा,” ती म्हणाली.

“कशाला? खा म्हणून सांगतील. फोम होऊ दे, मग जातो.”

फोमचा दिवस म्हणजे बारसंच. एका सीटच्या गाडीला विकतची सीट नसते. आतल्या पत्र्यावर काळ्या पिशव्या अंथरायच्या, माणसाला आत बसवायचं, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, आणि मित्रांनी दोन डब्यांतली द्रावणं घोटून त्याच्याभोवती ओतायची. फेस फुगत फुगत अंगाच्या प्रत्येक वळणात शिरतो, चटका बसेल इतका तापतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. तोवर हलायचं नाही. झाली ती सीट त्या माणसाची, त्याच्या हाडामांसाचा साचा. त्यानंतर वजन वाढलं तर माणूस मावत नाही आणि उतरलं तर खुळखुळतो.

नेव्हिल आत उतरला. साध्या, अरुंद सांगाड्यात. दोन्ही बाजूंच्या नळ्यांना न घासता अलगद खाली गेला. गॅरेजात सगळे माना लांब करून बघत होते. मग क्लिफ म्हणाला, “च्यायला. गेलास की रे आत,” आणि त्याने टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवल्या. आयव्हरने फेस ओतला. पाठीत सुरी फिरत होती आणि नेव्हिल पुतळ्यासारखा बसून हसत होता. एवढा सुखी तो आधी कधीच झाला नव्हता, लग्नाच्या दिवशीही नाही. ग्लेंडाने ते दारातून बघितलं आणि त्या दिवशी डॉक्टरचं नाव काढलं नाही.

ऑगस्टमध्ये भांडी पुसायचे टॉवेल घरातून नाहीसे व्हायला लागले. ग्लेंडाला ते गॅरेजात सापडले, नीट घड्या घालून सीटच्या दोन्ही कडांना खोचलेले, कुणाला दिसू नयेत म्हणून वरून काळा कपडा. दोन महिन्यांत साचा सैल झाला होता. तिने ते टॉवेल हातात घेतले, नेव्हिलपुढे नेऊन टाकले आणि म्हणाली, “आता येतोस की मी तुला उचलून नेऊ? आता मला उचलता येईल, लक्षात ठेव.”

सगळ्या तपासण्या उरकेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. इस्पितळातला डॉक्टर वयाने लहान होता. त्याने विचारलं, “वजन कधीपासून उतरतंय?”

“फेब्रुवारी,” नेव्हिल म्हणाला, आणि या स्थितीतही त्याच्या आवाजात जरा ऐट होती.

“मुद्दाम उतरवलंत?”

“हो तर. चिप्स सोडल्या. बिअर सोडली.”

डॉक्टरने पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं आणि सगळं समजावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तिथून पसरलेला, आता कापून उपयोग नाही. ही गाठ अशीच असते, म्हणाला. भूक मारते, तेलकट नकोसं करते, पाठ दुखवते. नाताळ कदाचित मिळेल.

नेव्हिलने खुर्ची पुढे ओढून ते चित्र बघितलं. मग त्याने जे विचारलं ते ग्लेंडा शेवटपर्यंत विसरली नाही.

“म्हणजे चिप्स मी सोडल्याच नाहीत?”

डॉक्टरला प्रश्न कळला नाही. ग्लेंडाला कळला. मरण तर येणारच होतं, ते सगळ्यांनाच येतं. पण या माणसाने आयुष्यात एकदाच काहीतरी कमावलं होतं आणि तेही त्याच्या हातून काढून घेतलं होतं. ती बाहेर गाडीत बसून हंबरडा फोडून रडली. नेव्हिल शेजारी बसून समोरच्या काचेतून बघत होता.

“येत्या रविवारी वजन आहे,” तो म्हणाला. “तोवर कुणाला सांगायचं नाही.”

“नेव्हिल!”

“नाही म्हणजे नाही.”

रविवारी धावपट्टीवर झोंबरा वारा होता. नेव्हिलने दोन स्वेटर घातले होते, पण आयव्हरने नियमाप्रमाणे ते काढायला लावले. लाल गाडी काट्यांवर चढली. रिकामी तोलली. मग नेव्हिल आत बसला, टॉवेलांमध्ये. आयव्हरने आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. तो जन्मभर जनावरं बघत आलेला माणूस. कुठलं जनावर कशाने उतरतं हे त्याला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण बाजारात माल पुकारायचा असतो, आणि त्याने पुकारला.

“एकोणसत्तर!”

असा जल्लोष त्या धावपट्टीवर बहुधा लढाई संपली त्या दिवशीच झाला असेल. लोकांनी टोप्या उडवल्या. क्लिफ एक लाल फीत घेऊन आला, डुकरांच्या प्रदर्शनात पहिल्या नंबरला लावतात तसली फुलाची, आणि ती त्याने नेव्हिलच्या छातीवर टाचली.

“अर्धा नेव्हिल गेला कुठे, बोल! पुरलास का कुठे?” मग तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, “खरं सांग लेका. केलंस काय नेमकं? कारण आता सगळे माझ्याकडे बघायला लागलेत.”

खरंच बघत होते. नेव्हिल बाजूला झाल्यावर क्लिफची छाती एकदम उघड्यावर पडली होती. त्याचा आकडा त्या दिवशी सगळ्यांत मोठा होता.

नेव्हिलने त्याच्याकडे खालून बघितलं. इतक्या वर्षांचे सगळे विनोद त्याला त्या क्षणी पाठ होते. सांगून टाकलं असतं तर सगळं मैदान गप्प झालं असतं, क्लिफ मेल्याहून मेल्यासारखा झाला असता, आणि छातीवरची फीत निव्वळ कापडाचा तुकडा ठरली असती. नेव्हिलला फीत हवी होती.

“चिप्स सोडल्या,” तो म्हणाला. “तूही घे अशीच गाडी.”

“घेणारच होतो. रुंद सांगाड्याची.”

“छे! रुंद कशाला? अरुंदच घे. मनावर घेतलं की होतं.”

वजनानंतर प्रत्येकाने धावपट्टीवर एक फेरी मारायची असते. नेव्हिलनेही मारली. इंजिन तर फारच सुरेख किंचाळत होतं. पण वळण आलं की तो टॉवेलांसकट सीटमध्ये घसरायचा आणि कडेची नळी फासळ्यांवर आदळायची. क्लच दाबायला दोन्ही पायांचं बळ लागत होतं. तो सायकलीच्या वेगाने परत आला. लोक म्हणाले, नवी गाडी आहे, जपतोय. ट्रॅकची गाडी घेतली असती तर वर्षापूर्वी, अंगात ताकद असताना, तो हीच फेरी छातीठोकपणे मारून मोकळा झाला असता. हे ग्लेंडाच्या मनात आलं आणि नेव्हिलच्याही आलं असावं, कारण उतरल्यावर त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

“त्याला अरुंद घे का म्हणालास?” घरी जाताना तिने विचारलं.

नेव्हिल हसायला लागला. हसता हसता दुखायला लागलं, तरी थांबेना. “त्यालाही जरा हलकं होऊ दे,” तो म्हणाला. फीत त्याने छातीवरून काढली नव्हती.

सरकारी तपासणीची तारीख फेब्रुवारीत मिळाली होती. नेव्हिल जानेवारीत गेला. शेवटच्या दिवसांतही तो ग्लेंडाला बजावत होता की गॅरेजातली बॅटरी चार्जरला लावून ठेव, थंडीत उतरते. हाय स्ट्रीटवरून तो गेला, पण शवपेटीतून, आणि शाळा सुटण्याच्या वेळेआधीच. चर्चमध्ये पेटी उचलायला प्लाऊमधल्या मंडळींपैकी सहा जण होते. पेटी खांद्यावर घेताना क्लिफच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “अरे, काहीच नाहीये की!” कुणी हसलं नाही. आयव्हरने त्याच्याकडे असं बघितलं की क्लिफने मान खाली घातली ती कबरीपर्यंत वर केली नाही.

मार्चमध्ये क्लिफ ग्लेंडाकडे आला. हातात फुलं होती. स्वयंपाकघरात बसला, चमच्याने चहा ढवळत राहिला.

“ग्लेंडा, एक विचारू? त्या रविवारी त्याला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तरी मला म्हणाला, अरुंद घे?”

“घेतलास का?”

“आलाय. गॅरेजात पडलाय.” क्लिफने मान हलवली. “मी धड बसत नाही त्यात. चार महिने झाले, चिप्स तोंडात घातल्या नाहीत. ग्रॅमभर फरक नाही.”

मग क्लिफ मुद्द्यावर आला. नेव्हिलची गाडी तयार आहे. ती अशी पडून राहण्यापेक्षा आपण विकत घेऊ, तपासणी करून घेऊ. “आणि सकाळी शाळेच्या वेळेला हाय स्ट्रीटवरून नेईन. पोरांसमोरून. त्याची तीच इच्छा होती म्हणे. त्याच्यासाठी म्हणून. त्याला किती बरं वाटेल.” हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. असली माणसं तोंडाने जीव घेतात आणि मग मनापासून रडतात.

“बसशील कसा? तीही अरुंदच आहे,” ग्लेंडा म्हणाली.

“फोम थोडा कापला की झालं. माझ्यात त्याच्यात फरक तो किती?”

“मग बसून बघ,” ती म्हणाली.

गॅरेजात गेल्यावर तिने आधी सीटच्या कडांचे टॉवेल काढून घेतले आणि खांद्यावर टाकले. क्लिफने दोन्ही नळ्यांवर हात टेकले, पाय आत सोडले, कुल्ले इकडून तिकडून हलवले आणि सगळं वजन खाली टाकलं. फोम करकरला. क्लिफ खाली गेला आणि अर्ध्यात अडकला. पोट स्टिअरिंगखाली, कंबर नळ्यांमध्ये, पाय गाडीच्या नाकातल्या बोगद्यात. वर यायला हात टेकवावेत तर कोपर वाकवायला जागा नाही. तोंड लाल झालं. नेव्हिलच्या जून महिन्यातल्या अंगाने त्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

“ग्लेंडा, जरा हात दे. अगं, खरंच अडकलोय.”

ग्लेंडा त्याच्याकडे बघत उभी राहिली. एकशे एकतीसपासूनचे सगळे रविवार, ओट्याशी उभं राहून खाल्लेला तो पाव, आणि टेप हातात असताना ती स्वतः हसली होती ते, सगळं तिला आठवलं. तिचा राग एकट्या क्लिफवर नव्हता. पण समोर तोच होता.

“चिप्स सोड, क्लिफ,” ती म्हणाली. “मनावर घेतलं की होतं.”

ती घरात आली. टॉवेल धुवायला टाकले, किटली ठेवली, चहा करून खिडकीशी बसली. थोड्या वेळाने गॅरेजातून हॉर्न वाजायला लागला. आधी एकदा, मग दोनदा, मग लागोपाठ. रस्त्याच्या गाडीला लागतो म्हणून नेव्हिलने तो स्वतः बसवला होता, आणि आजवर वाजवला नव्हता. आवाज चांगला खणखणीत होता, हाय स्ट्रीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेला असता. ग्लेंडा चहा पीत ऐकत बसली.